चटई अकरा दिवस कुठे होती?

जळगाव एमआयडीसीतल्या एका तरुण कारखानदाराचा प्रश्न आहे. वडिलांनी सुरू केलेला प्लास्टिक चटयांचा कारखाना, तीन एक्स्ट्रूडर (प्लास्टिक वितळवून नळी काढणारी यंत्रं), सोळा लूम म्हणजे माग, दोन पाळ्या, 74 माणसं. रोज सरासरी 900 चटया बाहेर पडतात आणि आत अर्धवट माल साधारण 13,500 चटयांचा असतो. ग्राहकाला 8 दिवसांचा शब्द दिला जातो, तो निम्म्या वेळा मोडतो. दोन वर्षांत दोन लूम वाढवले, सॉफ्टवेअर घेतलं, फरक पडला नाही; माणसंच कामचुकार आहेत, असं त्यांचं म्हणणं. आता त्यांच्या मनात आहे की एक जनरल मॅनेजर आणावा, त्याच्या हाताखाली उत्पादन, क्वालिटी, डिस्पॅच आणि एचआर असे चार वेगळे विभाग करावेत आणि प्रत्येकाला टार्गेट नि इन्सेन्टिव्ह लावावा. सोबत तक्ता आणि शेडचे फोटो पाठवलेत. विचारलंय ते एवढंच: ही रचना बरोबर आहे का, आणि जनरल मॅनेजर किती पगाराचा बघावा?

जनरल मॅनेजरची जाहिरात दोन महिने थांबवा. पगाराचा प्रश्न तोवर सोपा होईल, किंवा उरणारच नाही.

तक्ता मी नीट पाहिला. वर एक चौकट, तिच्याखाली चार, त्यांच्याखाली अकरा. कोण कोणाला जबाबदार, हे त्यातून कळतं. चटई कुठून कुठे जाते आणि वाटेत कुठे बसून राहते ते कळत नाही, आणि तुमचा त्रास तर सगळा तिथेच आहे. असे तक्ते मीही पुष्कळ काढलेत. 28 वर्षांपूर्वी नाशिकची नोकरी सोडून इकडे आलो, तेव्हा पहिलं काम मिळालं ते एका पाइप-फिटिंगच्या कारखान्यात. महिनाभर खपून रंगीत तक्ता केला. मालकांनी तो फ्रेम करून स्वतःच्या खुर्चीमागे लावला. सहा महिन्यांनी गेलो तर फ्रेम जागेवर, आणि तिच्याखाली बसलेल्या मालकांसमोर नऊ माणसांची रांग. कोणाला बेअरिंग आणायचं होतं, कोणाला रजा हवी होती, कोणाला गाडी भरू की थांबवू हे विचारायचं होतं. माझ्या तक्त्यातले चार मॅनेजर त्याच रांगेत उभे होते.

तेव्हापासून मी आधी एकच गोष्ट करतो. एक ऑर्डर पकडायची आणि तिच्या मागे चालायचं.

तुमच्यासारख्याच एका चटईच्या कारखान्यात हे केलं होतं, ते सविस्तर सांगतो. मे महिना, पत्र्याखालची शेड, एक्स्ट्रूडरच्या बाजूला उभं राहिलं की शर्ट पाठीला चिकटून वाळतही होता. 50 चटयांचा एक गठ्ठा निवडला, चार बाय सहा, हिरवा-पिवळा. ऑर्डर सोमवारी सकाळी आली. एका जाड पुठ्ठ्याला सुतळी बांधली, त्यावर ऑर्डरचा नंबर लिहिला आणि माल जिथे जाईल तिथे पुठ्ठा जाईल असं ठरवलं. हात लागला की वेळ लिहायची, हात सुटला की वेळ लिहायची. एवढंच.

पहिले दोन दिवस पुठ्ठा स्टोअरच्या खिळ्यालाच लटकत होता. हिरवा मास्टरबॅच, म्हणजे रंगाचा दाणा, संपलेला. स्टोअरवाल्याला शनिवारीच माहीत होतं. मी विचारलं तर म्हणाला, "हिरवा संपना, पन कोणले सांगू? शेठ लगनले गयेल शेतस." शेठ सावद्याला लग्नात, सहीशिवाय खरेदी नाही, आणि फोनवर 'बघू' म्हणालेले. बुधवारी हिरवा आला, त्याच रात्री नळी निघाली, बॉबिन भरले. मग ते बॉबिन तीन दिवस लूमशेजारी पडून. सगळ्या लूमवर एका मोठ्या पार्टीचा मरून चालू होता, आणि नगावर पैसे मिळत असल्यामुळे चालू लूमवरचा ताणा बदलायला कोणी तयार नव्हतं. विणून झाल्यावर शिलाईच्या ढिगात अडीच दिवस. किनार शिवून झाली तर ग्राहकाचं लेबल छापून यायचं होतं, तो एक दिवस. मग ट्रान्सपोर्टची गाडी पूर्ण भरावी म्हणून आणखी एक. दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी गठ्ठा निघाला. अकरा दिवस झाले, त्यातला हात लागलेला वेळ सगळा मिळून दीड दिवसाच्या आत. उरलेले साडेनऊ दिवस त्या गठ्ठ्यावर कोणीही काम करत नव्हतं, आणि त्या साडेनऊ दिवसांची जबाबदारी तक्त्यातल्या कुठल्याच चौकटीत बसत नव्हती.

तुमचा हिशेब तर तुम्हीच पाठवलेल्या आकड्यांत आहे. आत 13,500 चटयांचा माल, बाहेर रोज 900. भागाकार 15. आज आत शिरलेली ऑर्डर सरासरी 15 दिवसांनीच बाहेर पडणार. याला लिटलचा नियम म्हणतात; जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकाने 1961 साली त्याची सिद्धता दिली. बँकेच्या रांगेला, दवाखान्याच्या ओपीडीला आणि तुमच्या शेडला तो सारखाच लागू आहे. तुम्ही ग्राहकाला 8 दिवसांचा शब्द देता आणि कारखाना 15 दिवसांचा आहे. निम्मे शब्द पाळले जातात तेही कोणीतरी आरडाओरडा करून एक ऑर्डर पुढे काढतं म्हणून, आणि ती पुढे काढताना दुसरी मागे पडते. माणसं कामचुकार आहेत हे तुमचं वाक्य म्हणून मला पटलं नाही. 8 दिवस हवे असतील तर आतला माल 7,200 वर आणावा लागेल. त्याला नवं यंत्र लागत नाही. जेवढं बाहेर जाईल तेवढंच नवीन आत सोडायचं, आणि हे काही आठवडे दात-ओठ खाऊन पाळायचं.

पहिल्या आठवड्यात एक्स्ट्रूडरवाला रिकामा बसलेला दिसेल. तुमच्या वडिलांना ते बघवणार नाही. त्यांना आधी सांगून ठेवा.

आता दोन लूम वाढवूनही फरक का पडला नाही ते बघा. तुमच्या फोटोत शिलाईच्या मशिनांपुढे विणलेल्या चटयांची जी भिंत उभी आहे, तिच्यामागे शिवणाऱ्या बायांची फक्त डोकी दिसतात. आपल्याकडे थंडीत भरीत पार्टी होते. शे-दीडशे माणसांची वांगी काड्यांवर भाजायची आणि बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, कुटायची. बडगी एकच असेल आणि तुम्ही पाचवी शेकोटी पेटवली, तर जेवण लवकर होत नाही, भाजलेल्या वांग्यांचा ढीग मोठा होतो. तुम्ही दोन लूम घेतले ती पाचवी शेकोटी होती. शिलाईला दोन मशीन आणि तीन माणसं जास्त दिली असती तर खर्च कितीतरी कमी आणि उपयोग जास्त. अर्थात ती वाढवलीत की अरुंद जागा दुसरीकडे सरकेल, कदाचित एक्स्ट्रूडरच्या रंगबदलावर. सरकू द्या. तेव्हा तिथे बघू.

रंगबदलाचा विषय निघालाच आहे तर तो जरा उलगडतो, कारण विभागवार इन्सेन्टिव्ह का नको हे त्यातच दिसतं. एक रंग थांबवून दुसरा घ्यायचा म्हणजे बॅरलमधला आधीचा रंग पूर्ण निघेपर्यंत माल वाया जातो, त्याचे लम्प, म्हणजे गोळे, होतात, ते परत ग्राइंडिंगला. एक्स्ट्रूडर विभागाला तुम्ही किलोवर पैसे लावलेत की तिथला शहाणा माणूस काय करेल? रंग बदलणारच नाही. मरून सुरू आहे तर तीन दिवस मरूनच काढेल. त्याचं टार्गेट 110 टक्के, बक्षीस खिशात, आणि लूमपुढे मरूनचा डोंगर. लूमला नगावर पैसे लावले की लूमवाला मोठ्या पार्टीचा सोपा माल धरून बसेल, छोट्या मापाच्या ऑर्डरकडे ढुंकून बघणार नाही. क्वालिटीला रिजेक्शन पकडण्यावर मोजलं की ते पकडत बसतील, होऊ नये म्हणून एक्स्ट्रूडरपर्यंत चालत जाणार नाहीत. प्रत्येक जण आपापल्या चौकटीत पहिला आणि ऑर्डर शेवटची. मी हे तीन ठिकाणी डोळ्यांनी पाहिलंय, त्यातल्या एका ठिकाणी सल्ला माझाच होता.

रंगावर उपाय आहे, आणि तो तुमच्या एक्स्ट्रूडरवाल्याला माहीत असणार: फिक्याकडून गडदकडे जायचं. पांढरा, पिवळा, केशरी, लाल, मरून, काळा. या क्रमाने गेलं तर लम्प खूप कमी निघतात, उलट्या क्रमाने बॅरल धुता धुता जीव जातो. पण हा क्रम पाळायचा तर पुढच्या चार दिवसांत कोणत्या ऑर्डरला कोणता रंग लागणार, हे त्याला दिसलं पाहिजे. ते कागद तुमच्या केबिनमध्ये असतात. माहिती वर, कौशल्य खाली आणि मधे भिंत. ऑर्डरचा फळा एक्स्ट्रूडरच्या समोरच्या भिंतीवर लावा, खडूने लिहिलेला चालेल.

रचना म्हणून काय करायचं, ते आता. त्याआधी एक जुनी गोष्ट, आपल्यापासून फार लांबची नाही. सुरतच्या गाडीत बसलं की पुढे अहमदाबाद. तिथल्या कॅलिको मिल्समध्ये 1953 साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेचे ए. के. राइस आले. मिलने नवे स्वयंचलित माग बसवले होते, पण उत्पादन अपेक्षेइतकं वाढत नव्हतं. 224 माग होते, त्यांवर 29 माणसं, आणि त्या 29 जणांची कामं बारा प्रकारांत वाटलेली. विणणारा वेगळा, कांडी भरणारा वेगळा, तुटलेलं सूत जोडणारा वेगळा, तेल घालणारा वेगळा, झाडणारा वेगळा. एक माग बंद पडला की पाच वेगवेगळ्या माणसांची वाट बघायची, आणि त्या पाचांच्या वाट्याला आलेल्या मागांची संख्याही सारखी नाही. त्यामुळे कोणताही एक माग चालू राहणं हे कोणाही एकाचं काम नव्हतं. राइस यांनी सुचवलं की ठरावीक मागांचा एक संच एका छोट्या गटाकडे द्यावा, साधारण सात माणसं, आणि त्या संचाचं सगळं त्यांनीच आपसांत बघावं. गंमत म्हणजे कल्पना कानावर पडताच मुकादम आणि कामगारांनीच आपापले गट पाडून टाकले, साहेबांच्या आराखड्यासाठी थांबले नाहीत. सुरुवातीची धडपड संपल्यावर मागांची कार्यक्षमता वाढली, खराब कापड कमी झालं. माग तेच होते आणि माणसंही तीच.

याच इन्स्टिट्यूटच्या एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफोर्थ यांनी 1951 साली इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणींबद्दल असंच लिहिलं होतं. यंत्र आलं म्हणून काम तीन पाळ्यांत तोडलं, एका पाळीने कापायचं, दुसरीने पट्टा सरकवायचा, तिसरीने कोळसा भरायचा. आदल्या पाळीचं अर्धवट राहिलं की त्याचा भोग पुढच्या पाळीला. पाळ्या एकमेकींवर खेकसायच्या, गैरहजेरी वाढली. तुमच्या शेडमध्ये सकाळी सात वाजता जे भांडण होतं ते हेच आहे.

आणि लंडनच्या साहेबांपर्यंत जायचीही गरज नाही. रावेर-यावल भागात केळी कटाईची टोळी बघा. घड कापणारा, डोक्यावरून वाहणारा, गाडीत रचणारा. भाव क्विंटलवर ठरतो आणि तो सगळ्या टोळीचा मिळून. कोण कापेल आणि कोण वाहील, ते टोळीच ठरवते. कापणारा दमला तर अदलाबदल, एखादा नवा पोरगा असेल तर त्याला आधी वाहायला लावतात. घड आपटला, केळीला डाग पडला की व्यापारी सगळ्या टोळीकडे बघतो, म्हणून वाहणारा कापणाऱ्याला ओरडतो, 'हळू सोड'. तिथे क्वालिटी मॅनेजर नसतो. आपल्या शिवारात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली ही रचना एमआयडीसीच्या गेटमधून आत येताना बाहेर ठेवून दिली गेली आणि तिच्या जागी 'डिपार्टमेंट' आली.

तुमच्या कारखान्याचे म्हणूनच दोन उभे तुकडे करा. एक नियमित मालाचा: मोठ्या पार्ट्या, ठरलेली मापं, पाच-सहा ठरलेले रंग. त्याला दोन एक्स्ट्रूडर, दहा-अकरा लूम आणि शिलाईच्या मशिनांचा त्यांच्या हिश्शाचा भाग. दुसरा किरकोळ मालाचा: छोट्या ऑर्डरी, विचित्र मापं, नक्षी, नमुने. त्याला एक एक्स्ट्रूडर, उरलेले लूम, उरलेली शिलाई. प्लास्टिकच्या दाण्यापासून गठ्ठा बांधेपर्यंतचं सगळं त्या तुकड्याच्या माणसांकडे. शिलाईची मशीनं आता जी वेगळ्या खोलीत आहेत ती उचलून लूमच्या शेजारी आणा. मशीन हलवायला दोन हमाल आणि एक इलेक्ट्रिशियन लागतो, पण या एका हलवण्याने जेवढा फरक पडतो तेवढा मी कुठल्या मीटिंगने पडलेला पाहिला नाही. शिवणाऱ्या बाईला विणीतली सुटलेली नळी दिसली की ती मान वळवून लूमवाल्याला सांगते. खोली वेगळी असते तेव्हा तीच चूक दोनशे चटयांनंतर कळते.

दोन तुकडे का, चार का नाहीत? तीनच एक्स्ट्रूडर आहेत म्हणून. यंत्रांची विभागणी जिथे होत नाही तिथे टोळ्या पाडल्या तर एका यंत्रावर दोन टोळ्यांची भांडणं होतात. मेंटेनन्स, खरेदी आणि हिशेब दोघांना मिळून एकच ठेवा. क्वालिटीचा जो एक माणूस आहे त्याने माल पास-नापास करणं सोडावं. त्याने दोन्हीकडच्या माणसांना वजन, जाडी, रंगाचा नमुना कसा तपासायचा ते शिकवावं आणि परत आलेल्या मालाचं कारण शोधावं. पाळी बदलताना पंधरा मिनिटं दोन्ही पाळ्या एकत्र असल्या पाहिजेत. त्या पंधरा मिनिटांचे पैसे द्यावे लागतील, ते द्या.

टोयोटाच्या अनेक कारखान्यांत कामगाराच्या डोक्यावर एक दोरी असते. काही बिघडलं की तो ओढतो, म्होरक्या धावत येतो आणि वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबते. तुमच्याकडे दोरीची गरज नाही, लूमला एक लाल फडकं बांधायची मुभा पुरे. पण फडकं बांधणाऱ्यावर पहिल्यांदा कोणी डाफरलं की ती पद्धत त्या दिवशी संपली. पुढे फडकं नुसतं लटकत राहतं.

आता जरा अवघड भाग. मालकांसमोरच्या त्या नऊ माणसांच्या रांगेबद्दल.

तुमच्या कारखान्यातली सगळ्यात अरुंद जागा कदाचित शिलाई नसेल, तुम्ही असाल. किंवा 'दादांना विचारून सांगतो' म्हणताना ज्यांचं नाव घेतलं जातं ते तुमचे वडील. आपल्याकडचे बहुतेक कारखाने असेच वाढले. सुरुवातीला मालक, त्यांचा भाऊ आणि सहा कामगार होते, तेव्हा सगळं विचारून करणं वेगवानच होतं. 74 माणसांत तेच चालू राहिलं की सही ही एक मशीन होते, आणि ती लग्नाला जाते. एक आठवडा एक वही खिशात ठेवा. जो कोणी जे काही विचारायला येईल ते लिहा, फोनसकट. उत्तर लिहू नका, फक्त प्रश्न. एका मालकांच्या वहीत सहा दिवसांत 214 प्रश्न भरले होते. आम्ही बसून वाटणी केली तर खरोखर त्यांनीच ठरवावे असे 19 निघाले: उधारीची मर्यादा, नवा ग्राहक, भाव, मशीन. बाकीच्यांना एकेक नियम पुरत होता. मास्टरबॅच अमुक किलोच्या खाली गेला की स्टोअरवाल्याने न विचारता मागवायचा. 5,000 रुपयांपर्यंतचा सुटा भाग फिटरने आणायचा, बिल संध्याकाळी. दोन दिवसांची रजा टोळीच्या म्होरक्याने द्यायची.

नियम केला की पहिल्या महिन्यात कोणीतरी चुकीचा निर्णय घेईलच. साडेचार हजारांचा भाग दुसरीकडे साडेतीन हजारांत मिळत होता, असं निघेल. त्या हजार रुपयांवरून चारचौघांत बोललात तर दुसऱ्या दिवशी रांग परत तुमच्या केबिनपुढे. हजार रुपये सोडा.

ऑफिसचंही थोडं बघा. गेटवर आवक वही, स्टोअरमध्ये वेगळी वही, अकाउंटला टॅली, आणि महिनाअखेर तिन्ही जुळवायला दोन माणसं चार दिवस. फोर्ड कंपनीच्या देणी खात्यात 1980 च्या दशकात 500 हून जास्त माणसं हेच करत होती: खरेदीची ऑर्डर, माल मिळाल्याची पावती आणि पुरवठादाराचं बिल जुळवणं. माझदाकडे, ती लहान कंपनी खरी, पण हे काम पाच जण करत होते. फोर्डने जुळवाजुळव जलद करण्याऐवजी बिलाची वाट बघणंच काढून टाकलं. माल ऑर्डरप्रमाणे आला की नाही हे उतरवतानाच तपासायचं, बरोबर असेल तर पैसे निघतात. तुमचा दाणा ठरलेल्या तीन-चार पुरवठादारांकडून ठरलेल्या भावाने येतो. वजनकाट्यावर एकदा नोंद, तीच तिघांची नोंद. सॉफ्टवेअर घेऊनही फरक न पडण्याचं कारण मला वाटतं हेच आहे: तीन वह्या होत्या, आता तीन वह्या आणि एक सॉफ्टवेअर आहे.

कोणाला काय येतं, याचाही एक फळा लावा. डावीकडे नावं, वर कामं. येत असेल तर पूर्ण गोल, शिकत असेल तर अर्धा. तुमच्या फळ्यावर शिवणाऱ्या बायांच्या ओळी सोडल्या तर 'शिलाई' या कामाखाली एकही गोल नसेल, आणि हे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, महागात पडतं. शिलाईवरच्या सगळ्या माहेरी जाणार, ते कोणी थांबवू शकत नाही आणि थांबवूही नये. कापसाच्या वेचणीला तर कोण येईल नि कोण नाही याचा भरवसाच नाही. गेल्या आखाजीला तुमचे किती दिवस गेले ते तुम्हाला आठवत असेल. प्रत्येक टोळीत किमान तीन माणसं दुसरं काम करू शकतील एवढं पुढच्या आखाजीपर्यंत झालं पाहिजे. पुरुषांना शिलाई शिकवताना हसाहशी होते, दोन आठवड्यांत थांबते. दुसरं काम शिकलं की पगारात थोडी का होईना, कायमची वाढ द्या. नुसत्या कौतुकाने कोणी शिकत नाही.

पैशाचं असं. मूळ पगाराला हात लावू नका. वर जे द्यायचं ते तुकड्याला मिळून द्या, आणि मोजा ते फक्त वेळेवर गाडीत चढलेल्या आणि परत न आलेल्या चटयांवर. शेडमध्ये पडलेल्या चटईला शून्य. आणि माणसं चांगलं कमवायला लागली की दर कापायचा मोह होईल, तो टाळा. एकदा दर कापला की कामगार कायमचा शिकतो की जास्त काम केलं तर दर कमी होतो. एक धोका मात्र सांगून ठेवतो. गटाचा बोनस आला की गटातल्या म्हाताऱ्या किंवा हळू माणसावर बाकीचे दात धरतात. एका ठिकाणी 22 वर्षं लूमवर काढलेले काका त्यामुळे निघून गेले. आधी लक्षात आलं असतं तर त्यांना शिकवण्याचं काम देता आलं असतं. मला उशिरा कळलं.

चार सुपरवायझरांना काढू नका. ही चूकही मी केलीय. टोळ्या केल्या, मोठ्या तोऱ्यात सुपरवायझर नको म्हटलं, आणि तीन महिन्यांत सगळं विस्कटलं. टोळीला काम वाटून घेता येत होतं, पण दाणा संपला, मोटर जळली, दुसऱ्या टोळीशी तंटा झाला की बाहेर कोणाकडे जायचं तेच कळेना. टोळीच्या आत काय चाललंय त्यात सुपरवायझरने नाक खुपसायचं नाही, टोळीला लागणारं बाहेरून आणून द्यायचं. दोघांना हे जमेल, एकाला शिकवावं लागेल आणि एक जण सोडून जाईल, असा माझा अनुभव आहे. जो सगळ्यात मोठ्याने ओरडतो तोच सोडून जाईल असंही नाही.

हे सगळं एकदम करू नका. किरकोळ मालाच्या तुकड्यापासून सुरू करा. तिथे माणसं कमी आणि तुमची अब्रूही मोठ्या पार्टीपुढे टांगलेली नाही. सहा आठवडे चालवा, पुठ्ठा बांधून दिवस मोजा, मग दुसरा तुकडा. लग्नसराई आणि आखाजीच्या तोंडावर तर अजिबात सुरू करू नका.

दोन महिन्यांनी जनरल मॅनेजरची जागा परत बघू. बहुतेक तुम्हाला दोन माणसांची गरज दिसेल: ऑर्डरी कोणत्या क्रमाने आत सोडायच्या हे रोज सकाळी ठरवणारा एक, आणि एक खमका फिटर. पहिला माणूस तुमच्याकडे आधीच आहे असं मला फोटोंवरून वाटतं. डिस्पॅचच्या टेबलाशी जो मुलगा बसलाय, त्याच्यामागच्या भिंतीवर पेन्सिलने कसली तरी यादी लिहिली आहे, पार्टीचं नाव, रंग, तारीख. ती त्याला कोणी लिहायला सांगितली होती का, विचारा.

आणि अकरा नंबरच्या लूमशेजारी मरून बॉबिनचा जो ढीग आहे, त्यावर धुळीचा थर दिसतोय. तो कोणत्या ऑर्डरचा आहे हे आज दुसरी पाळी सुटायच्या आत शोधून मला कळवा.